रंगाबरोबर येणारे व्यंग

बोआ कन्स्ट्रिक्टर हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला साप. तपकिरी पाठीवर गडद खोगिरांची ओळ आणि शेपटीकडे विटकरी लाली, हे त्याचे मूळ रूप. पाचोळ्यात तो बसला तर शोधून सापडत नाही. अमेरिका-युरोपातल्या सर्पपालकांच्या काचपेट्यांत मात्र हाच साप पिवळा, केशरी, काळसर, जवळजवळ पांढरा अशा कितीतरी रूपांत मिळतो. या रूपांना ‘मॉर्फ’ म्हणतात. रूप जितके दुर्मीळ, तितकी किंमत चढी.

त्यातला ‘काहल अल्बिनो’ हा वाण फार लोकप्रिय. याच्या अंगात मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयार होत नाही, म्हणून पिवळा आणि लाल रंग खुलून दिसतो. पण या वाणात अधूनमधून एकच डोळा असलेले, खुजे डोळे असलेले किंवा अजिबात डोळे नसलेले पिल्लू जन्माला येते, हे पैदासकारांना चांगले ठाऊक आहे. असे पिल्लू उपाशी मरत नाही. बोआच्या ओठांवरच्या खवल्यांना उष्णता कळते आणि जीभ वास टिपते, त्यामुळे डोळ्यांवाचूनही त्याला उंदीर सापडतो. साप खातो-पितो, वाढतो. मग त्याचीही पिल्ले काढली जातात.

रंगाचा आणि डोळ्याचा संबंध काय? उंदरांमध्ये तो नीट तपासला गेला आहे. ‘मिटफ’ नावाचे जनुक रंगपेशी घडवते आणि डोळ्याच्या पडद्यामागचा रंगीत थरही घडवते. ते बिघडले की उंदीर पांढरा होतो आणि त्याचे डोळे खुजे राहतात. काहल वाणात मात्र आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो. रंगाचा हा दोष अप्रभावी असल्यामुळे तो दिसण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. मुळात असे साप मोजकेच. तेव्हा पिल्लांचा संकर आईबापांशी किंवा आपसात करत राहावे लागते आणि त्या नात्यागोत्यात दडलेले इतर दोषही वर येतात.

बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या ‘स्पायडर’ वाणात तर शंकेला जागाच उरत नाही. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी असलेला हा वाण १९९९ च्या सुमारास अमेरिकेत पैदाशीला आला. नक्षी ज्याच्या अंगावर, त्याची मान कमी-अधिक डुलणारच. काहींची मान नुसती थरथरते. काही मात्र डोके उलटे करून छताकडे पाहत राहतात, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, पाठीवर पडले तर चटकन सुलटे होता येत नाही. वर्षानुवर्षे खरेदीदाराला सांगितले गेले की ही त्याची लकब आहे, त्रास नाही. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात या सापांच्या अंतर्कर्णाचे सूक्ष्म सीटी स्कॅन प्रसिद्ध केले. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका विद्रूप झालेल्या आणि सॅक्युलस ही पिशवी आक्रसलेली होती. म्हणजे या प्राण्याला वर कुठे आणि खाली कुठे हेच धड कळत नव्हते. हे पाहिल्यावर त्याला लकब म्हणणे मला क्रूर वाटते.

कातडीवरची नक्षी कानापर्यंत पोहोचते ती बहुधा गर्भावस्थेत. भावी मज्जारज्जूच्या कडेला ‘न्यूरल क्रेस्ट’ पेशींची एक पट्टी असते. तिथून पेशी निघतात आणि शरीरभर पांगतात. त्यांतल्या काही रंगपेशी होतात, काही चेतापेशी, काही कवटीचा भाग. सस्तन प्राण्यांत काही अंतर्कर्णातही जातात. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरी सहसा बहिऱ्या असतात, अशी नोंद डार्विननेही केली होती. त्याचेही मूळ या पेशींच्या अडलेल्या प्रवासातच आहे.

बोआच्या ‘मॉटली’ वाणात गोष्ट आणखी पुढे जाते. बदललेल्या जनुकाची एक प्रत असेल तर पाठीवर गोल ठिपक्यांची सुंदर नक्षी येते आणि साप धडधाकट राहतो. आई-बाप दोघांकडून प्रत आली तर पिल्लू गडद, जवळजवळ काळे जन्मते आणि बहुधा प्रौढ होण्याआधीच दगावते. दोन मॉटलींचा संकर केला तर दर चार पिल्लांमागे सरासरी एक असे असते. सामान्य बोआशी संकर केला तर एकही नाही.

ही माहिती आपल्याकडच्या हौशी लोकांनाही हवी. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणाऱ्यांच्या सामानात बॉल पायथन सापडल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत.

आणि निदान अल्बिनो बोआच्या बाबतीत पर्याय हाताशी आहे. काहलखेरीज ‘शार्प’ नावाचा आणखी एक अल्बिनो वाण आहे. या दोघांचा संकर केला तर पिल्ले चक्क साध्या तपकिरी रंगाची निघतात, कारण दोन वाणांत बिघडलेली जनुके वेगवेगळी आहेत. शार्प वाणही तितकाच पिवळा-केशरी दिसतो, पण डोळ्यांच्या व्यंगासाठी तो ओळखला जात नाही.