गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके? आधी पाणी बघा

टाकीतला गोल्डफिश दगडाला अंग घासतोय, खाणं सोडलंय, तर त्याच्याकडे नीट बघा. मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे परजीवीचा ‘व्हाइट स्पॉट’. कापसासारखे पुंजके म्हणजे बुरशी. लाल जखमा, झिजलेले पर म्हणजे बहुधा जिवाणूंचा संसर्ग. विणीच्या हंगामात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर बारीक पांढरे दाणे येतात, तो मात्र रोग नव्हे.

व्हाइट स्पॉट पाण्यातून पसरतो. एकाच माशाला झाला तरी उपचार सगळ्या टाकीवर करा, नाहीतर सगळेच मासे जातील.

काय करावं?

- रोज पाव हिस्साच पाणी बदला.
- नळाच्या पाण्यातलं टीसीएल माशांना घातक. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवून मगच वापरा.
- व्हाइट स्पॉट किंवा बुरशीची सुरुवात असेल तर 10 लिटरला 20 ग्रॅम आयोडीन नसलेलं खडे मीठ, विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं टाका. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढे बदललेल्या पाण्यापुरतंच घाला. 7 ते 10 दिवस चालू ठेवा.
- लाल जखमा असतील तर माणसांच्या गोळ्या टाकू नका, पशुवैद्यकांना दाखवा.
- आजारी मासा विहिरीत, ओढ्यात सोडू नका. तिथल्या माशांनाही रोग लागू शकतो.