मणिबेलीचा पाणफुगवटा आणि उपग्रहाद्वारे शैवाल-निरीक्षण

स्थिर अथवा मंदगती पाण्यात ऊन, उष्णता आणि नत्र-स्फुरदासारखी पोषकद्रव्ये यांचा मेळ बसला म्हणजे सूक्ष्म शैवालांची संख्या थोड्याच दिवसांत बेसुमार वाढते आणि पाण्यास हिरवा, निळसर वा तांबूस रंग येतो. या घटनेस शैवालबहर असे म्हणतात. सर्वच बहर अपायकारक नसतात. किंबहुना माशांचे अन्न अंतिमतः शैवालांवरच अवलंबून असते. परंतु काही जाती विषारी द्रव्ये निर्माण करतात, आणि काही मेल्यावर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवितात. गोड्या पाण्यात ही भीती मुख्यतः नीलहरित शैवालांची असते. ही शैवाले वस्तुतः जीवाणूंच्या वर्गात मोडतात. मात्र रूढ नाव येथे कायम ठेवले आहे.

अशा बहरांवर उपग्रहांच्या साहाय्याने नजर ठेवण्याची पद्धत गेल्या काही दशकांत चांगलीच विकसित झाली आहे. नर्मदेच्या काठी मणिबेली येथे ती कितपत उपयोगी पडेल, आणि तेथे तिच्या निष्कर्षांवर विसंबताना कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. खारकच्छ आणि पाणफुगवटा

या पद्धतीचा आरंभ खुल्या समुद्रात झाला. १९७८ साली निंबस-७ या अमेरिकन उपग्रहावरून समुद्राचा रंग मोजण्यास सुरुवात झाली. भारताने मे १९९९ मध्ये ओशनसॅट-१ सोडला. त्यावरील रंगमापकाचा सर्वांत लहान चित्रचौकोन, म्हणजे पिक्सेल, सुमारे ३६० मीटरांचा होता. खुल्या समुद्रात निळा आणि हिरवा प्रकाश यांच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढता येते, कारण तेथील पाण्याचा रंग प्रायः शैवालच ठरविते.

खारकच्छात, म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून जवळजवळ तोडलेल्या उथळ जलाशयात, हा हिशेब कोलमडतो. ओडिशातील चिल्का हे आपल्याकडील ठळक उदाहरण होय. तेथे नद्यांचा गाळ आणि कुजलेल्या वनस्पतींची पिवळसर द्रव्ये निळा प्रकाश शोषून घेतात, आणि गाळाला शैवाल समजण्याची चूक सहज घडते. म्हणून अशा पाण्यासाठी वर्णपटाच्या तांबड्या टोकावर आधारलेल्या निराळ्या रीती शोधून काढाव्या लागल्या.

मणिबेली समुद्रापासून दूर, सातपुड्याच्या कुशीत आहे. तथापि प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने तिच्यासमोरचे पाणी खुल्या समुद्रापेक्षा खारकच्छालाच अधिक जवळचे आहे. पाणी कोंडलेले, गाळयुक्त आणि सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेले, ही तिन्ही लक्षणे दोहोंकडे समान आहेत. तेव्हा खारकच्छासाठी तयार झालेली साधने येथे वापरून पाहणे युक्त ठरते.

२. स्थळाचे स्वरूप

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे गाव. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ लागलेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी हे पहिले. १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरे पाण्याखाली गेली. १९९४ मध्ये शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिरही बुडाले. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने अर्थसाहाय्य देऊ नये अशी मागणी करणारे १९९४ चे आंतरराष्ट्रीय आवाहन याच गावाच्या नावाने ओळखले जाते. धरणाचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद करण्यात आले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. जी कुटुंबे डोंगरउतारावर वर सरकून राहिली, त्यांचा या पाण्याशी संबंध रोजचा आहे: होडी, मासे, गुरांचे पिणे, सर्व काही त्यावरच. पुढे हेच पाणी ४५८ किलोमीटर लांबीच्या मुख्य कालव्यातून गुजरात ओलांडून राजस्थानच्या सीमेपर्यंत जाते.

पूर्ण भरलेल्या जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर असून सरासरी रुंदी अवघी १.७७ किलोमीटर आहे. पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान वापरपातळी ११०.६४ मीटर, म्हणजे पाणी २८ मीटर वरखाली होऊ शकते. पाणी जसजसे उतरते तसतसा किनारा सरकतो, आणि ओढ्यानाल्यांच्या मुखांशी तयार झालेल्या आखाती चिंचोळ्या होऊन कोरड्या पडतात. बहर साठण्याचा संभव सर्वांत अधिक असतो तो याच आखातींत. तेथे प्रवाह नसतो, पाणी लवकर तापते आणि उतारावरून धुपून आलेली माती आपली पोषकद्रव्ये तेथेच सोडते.

३. उपग्रह काय मोजतो

हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषून घेते. याउलट ७०५ नॅनोमीटरच्या सुमारास शैवालयुक्त पाणी तुलनेने अधिक प्रकाश परत फेकते. या दोन तरंगलांबींवरील परावर्तनांची वजाबाकी त्यांच्या बेरजेने भागली असता एक निर्देशांक मिळतो:

(प७०५ − प६६५) ÷ (प७०५ + प६६५)

येथे ‘प’ म्हणजे परावर्तन. निर्देशांक शून्याखाली असल्यास हरितद्रव्य थोडे. तो शून्यावर चढू लागल्यास हरितद्रव्य वाढत आहे, असे समजावयाचे. गाळामुळे दोन्ही परावर्तने एकदमच वाढतात, म्हणून गाळाचा परिणाम भागाकारात बराचसा कटतो. पद्धतीचे बळ यातच आहे.

परंतु हरितद्रव्य सर्वच शैवालांत असते. नीलहरित जाती ओळखावयाच्या तर त्यांच्यातील फायकोसायानिन हे निळे रंजकद्रव्य शोधावे लागते, आणि त्याचे शोषण ६२० नॅनोमीटरच्या आसपास होते. येथे साधनांची निवड कठीण होते. युरोपीय सेंटिनेल-३ उपग्रहावर ६२० नॅनोमीटरचा पट्टा आहे, पण त्याचा पिक्सेल ३०० मीटरांचा. १.७७ किलोमीटर रुंदीच्या पात्रात असे सहाच पिक्सेल बसतात. दोन्ही काठांचे, निम्मे जमीन व निम्मे पाणी असलेले, दोन वगळले म्हणजे चार उरतात. दोन-तीनशे मीटरांच्या आखातीत तर एकही शुद्ध पिक्सेल मिळत नाही. सेंटिनेल-२ चा ७०५ नॅनोमीटरचा पट्टा २० मीटरांचा असल्याने त्यास आखात दिसते. परंतु त्याच्याजवळ ६२० नॅनोमीटरचा पट्टाच नाही. सारांश, ज्यास शैवालाची जात कळू शकते त्यास मणिबेलीची आखात दिसत नाही, आणि ज्यास आखात दिसते त्यास जात कळत नाही.

४. भ्रमाची कारणे

उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशापैकी प्रत्यक्ष पाण्यातून आलेला भाग बहुधा एकदशांशाहूनही कमी असतो. उरलेला बहुतेक वातावरणाने विखुरलेला असतो. हा भाग वजा करण्यात थोडीशी चूक झाली तरी निष्कर्ष बिघडतो. मणिबेलीस याखेरीज तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण काठावरील झाडीची. हिरवी पाने ६६५ नॅनोमीटरवर काळोखी, तर ७०५ नॅनोमीटरवर बरीच उजळ असतात. त्यांचा प्रकाश हवेत विखुरला जाऊन शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये मिसळतो. उदाहरणादाखल, स्वच्छ पाण्याची परावर्तने ६६५ वर ०.०२० आणि ७०५ वर ०.०१८ असल्यास निर्देशांक उणे ०.०५ येतो. झाडीमुळे ७०५ च्या परावर्तनात केवळ ०.००४ ची भर पडली तर तोच निर्देशांक अधिक ०.०५ होतो, आणि शैवाल नसताना बहर असल्याचा भास होतो. या भ्रमाला ऋतुमानही आहे. पावसाळ्यानंतर सातपुड्याचे उतार हिरवेगार असतात. उन्हाळ्यात सागाची पानगळ होऊन ते उघडे पडतात. म्हणजे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत निर्देशांक उतरत गेला, तर शैवाल कमी झाले की केवळ झाडांची पाने गळाली, याचा उलगडा चित्रावरून होणार नाही. हा भ्रम खऱ्या बहराचेच रूप घेऊन येतो, म्हणून तो विशेष घातक समजावा.

दुसरी अडचण सावलीची. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. सुमारे २२ अक्षांशावरील या स्थळी डिसेंबरअखेर त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर, आग्नेयेकडे असतो. दक्षिण तीरावरील १०० मीटर उंचीच्या कड्याची सावली त्यामुळे वायव्येकडे सुमारे १२० मीटर पाण्यावर पडते, म्हणजे २० मीटरांचे सहा पिक्सेल निरुपयोगी होतात. ही सावली नेमकी मणिबेलीच्या बाजूच्या पाण्यावर पडते. उन्हाळ्यात अडचण उलटी होते. सूर्य डोक्याजवळ आल्यामुळे पाण्याची चकाकी थेट उपग्रहाच्या दृष्टीत शिरते.

तिसरी अडचण ढगांची. जून ते सप्टेंबर या काळात प्रकाशावर चालणारे उपग्रह बहुतांशी आंधळे असतात. रडार-उपग्रह ढगांतून पाहू शकतो व पाण्याची कड दाखवितो. परंतु हरितद्रव्य त्यास कळत नाही. ऑक्टोबरनंतर मात्र आकाश निरभ्र होते आणि दोन सेंटिनेल-२ उपग्रह मिळून पाच दिवसांनी एक चित्र देतात. पाणी संथ राहण्याचा आणि मार्चपासून तापत जाण्याचा काळही हाच असल्याने खऱ्या निरीक्षणाचा हंगाम आठ महिन्यांचा ठरतो.

५. रंग आणि कारण

उपग्रहाने रंग दाखविला म्हणजे कारण कळले असे होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. हा बदल उपग्रहचित्रांत स्पष्ट दिसला आणि एखाद्या शैवालामुळे तो झाला असावा असा तर्क प्रथम करण्यात आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा रंगाचे कारण खारप्रिय आर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. निर्णय प्रयोगशाळेतील नमुन्यानेच दिला.

उलट बाजूचे उदाहरण सरदार सरोवराचेच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये जलाशयात मेलेले मासे आढळले आणि पिण्यासाठी पाणी उचलणे काही काळ थांबविण्यात आले. त्या वेळी संशय होता तो पाण्यातील गंधकाच्या संयुगांवर. अशी संयुगे खोल, प्राणवायूरहित थरांत तयार होतात. त्यांना स्वतःचा रंग नसतो आणि उपग्रहाची दृष्टी तर पृष्ठभागाखालच्या काही मीटरांपलीकडे जात नाही.

विषाचेही तसेच आहे. मायक्रोसिस्टिन हे नीलहरित शैवालांचे यकृतघातक विष शैवालपेशीच्या आत असते आणि पेशी फुटली म्हणजे पाण्यात मिसळते. बहर ओसरून चित्र स्वच्छ दिसू लागते, नेमक्या त्याच वेळी विरघळलेले विष वाढलेले असू शकते. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. पेशी फुटून ते उलट मोकळे होते. पिण्याच्या पाण्यात दीर्घकाळासाठी प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचविली आहे. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे असे दूषित पाणी रक्तशुद्धीच्या उपचारात वापरले जाऊन पन्नासांहून अधिक रुग्ण दगावले. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यात हे विष आढळल्यावर सुमारे चार लक्ष लोकांना नळाचे पाणी पिऊ नये असे सांगावे लागले. ईरीवरील बहरांवर उपग्रहांची नजर होती. पण पाणी बंद करण्याचा निर्णय झाला तो जलशुद्धीकरण केंद्रातील चाचणीवरून.

६. निरीक्षणाची योजना

वरील विवेचनावरून मणिबेलीपुरती एक साधी योजना सुचते. प्रत्येक चित्रातून प्रथम त्या दिवसाची पाण्याची कड काढावी. जुना नकाशा वापरू नये, कारण पातळी बदलते. कडेपासूनचे निदान दोन पिक्सेल आणि कड्यांच्या सावलीचा पट्टा वगळावा. उरलेल्या पाण्याचा निर्देशांक काढून तो शून्याशी न ताडता, त्याच दिवशीच्या मध्यपात्राशी ताडावा. आखातीतील आकडा मध्यपात्राहून स्पष्टपणे चढा असेल आणि लागोपाठच्या दोन चित्रांत तसाच राहिला असेल, तर तेथे होडी पाठवावी.

नमुने उपग्रह जाण्याच्या आगेमागे तीन तासांच्या आत घ्यावे. एक मध्यपात्रात, एक संशयित आखातीत आणि एक ज्या घाटावर घागर भरली जाते तेथे. पांढरी सेक्ची तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजावी. १८६५ पासून चालत आलेले हे साधन स्वस्त असून अजूनही विश्वसनीय आहे. काही पाणी गाळून हरितद्रव्यासाठी ठेवावे, काही आयोडीनच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकासाठी राखावे, आणि नीलहरित जाती आढळल्यास विषाची चाचणी करावी. बहर ओसरल्यावरही हे नमुने काही आठवडे चालू ठेवणे अगत्याचे आहे. चित्रात काहीच नसतानाही घाटावरील नमुना ठरलेल्या दिवशी घ्यावा, म्हणजे उपग्रह किती वेळा चुकला हेही कळेल.

हे काम एकट्या प्रयोगशाळेचे नाही. पाण्यावर हिरवी साय धरली, मासे वर येऊन तडफडू लागले, गुरांनी पाण्याला तोंड लावले नाही, ही लक्षणे काठावरच्या माणसास पाच दिवसांची वाट न पाहता दिसतात. दोन चित्रांच्या मधल्या काळात निरीक्षक तोच असतो. त्याने कळविलेल्या बातमीची नोंद चित्राच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे, तारीख व स्थळासह, केली पाहिजे. तसेच चाचणीचा निष्कर्ष प्रथम त्याच घाटावर, त्याच्या बोलीत सांगितला गेला पाहिजे.

येणेप्रमाणे उपग्रहाचे स्थान निश्चित होते. २१४ किलोमीटरांच्या जलाशयात बाटली कोठे आणि केव्हा बुडवावी, हे तो सांगू शकतो. इतक्या विस्तारावर होडीने रोज फिरणे कोणासही शक्य नसल्याने ही मदत मोलाची आहे. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हा प्रश्न मात्र बाटलीतील पाण्यालाच विचारला पाहिजे. केवळ चित्राच्या आधारे मणिबेलीच्या घाटावर ‘पाणी निर्धोक’ असा निर्वाळा देणे शास्त्रास धरून होणार नाही.