चेहऱ्यावरचं तेल ताटातून येत नाही

घरात कुणाच्या चेहऱ्यावर मुरुमं उठली की पहिली गदा येते ती तळणावर. भजी बंद, शेंगदाणे बंद, मे महिना असेल तर आंब्यावरही 'उष्ण' असल्याचा ठपका. पण भज्यातलं तेल काही गालावर पाझरत नाही. तिथलं तेल त्वचेतल्या ग्रंथी स्वतःच तयार करतात, आणि त्यांना हुकूम सोडतात संप्रेरकं.

डॉक्टरांनी मात्र बरीच वर्षं आहाराचा संबंधच झटकून टाकला होता. त्यासाठी दाखला दिला जाई तो १९६९ सालच्या एका अमेरिकन प्रयोगाचा. ६५ जणांना चार-चार आठवडे रोज चॉकलेटची वडी दिली, आणि तुलनेसाठी चॉकलेट नसलेली दुसरी वडी. मुरुमांत फरक दिसला नाही. मेख अशी, की त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढेच होते! म्हणजे सुटला तो फार तर कोको. साखरेची चौकशी झालीच नाही. या संशोधनाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा हातभार होता, हेही जाता जाता लक्षात ठेवावं.

ती चौकशी २००७ मध्ये मेलबर्नला झाली. १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांपैकी काहींना १२ आठवडे रक्तातली साखर झपकन न वाढवणारा, प्रथिनं जास्त असलेला आहार दिला. त्यांची मुरुमं इतरांपेक्षा जास्त कमी झाली. वजनही उतरलं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं यावर वाद घालता येतो. पण कारण पटण्यासारखं आहे: मैदा-साखर भराभर रक्तात उतरते, इन्सुलिन उसळतं, त्यापाठोपाठ तेलग्रंथी जोमाने कामाला लागतात आणि रंध्रांच्या तोंडाशी पेशी साचून ती बुजतात.

आपल्याकडे या हिशेबात चहा-खारी, पाव आणि शीतपेयं आधी येतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडीसुद्धा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर बरी. फळ खावं, रस गाळून पिऊ नये. आणि परिणाम आठवड्यात दिसत नाही, दोन-तीन महिने धरावेत.

दुधाचं प्रकरण अर्धवट आहे. पाहण्यांमध्ये संबंध आढळतो, साय काढलेल्या दुधाशीही आढळतो, पण तो पुरावा नव्हे. वाढत्या वयाच्या मुलीचं दूध तेवढ्यावरून तोडू नये. जिमला जाणाऱ्या मुलाने मात्र दुधापासूनच बनणाऱ्या व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर मुरुमं वाढली असतील, तर ती काही आठवडे थांबवून बघायला हरकत नाही.

खड्डे पडू लागले असतील तर भाकरीच्या भरवशावर राहू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडची क्रीम तोंडाला फासू नका, तिनेही मुरुमं येतात. मुलीची पाळी अनियमित असेल, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी आधी.