लाइट गेली तरी काम थांबू नये

कोरोनाच्या टाळेबंदीत दादासाहेब भगत पुण्याहून बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी, आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणला परतले. एकेकाळी इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये ऑफिस बॉयचं काम करणाऱ्या या तरुणाने ‘डूग्राफिक्स’ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उभं करायला घेतलं होतं. गावात रेंज धड मिळत नव्हती. टेकडीवरच्या जनावरांच्या गोठ्यात ती बरी मिळते, म्हणून संगणक तिथे गेले, सोबतची पोरं तिथे बसली आणि काम सुरू राहिलं. पुढे ‘शार्क टँक इंडिया’मुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण बीडमधल्या कुठल्याही होतकरू प्रोग्रामरने तिच्यातली अडचणही नीट पाहावी. रेंज जिथे, तिथे माणसालाही जावं लागलं आणि यंत्रालाही.

या दोघांची फारकत करता येते. जड काम करणारं यंत्र वीज आणि फायबर जिथे बऱ्यापैकी टिकतात तिथे ठेवायचं, आणि आपण कुठूनही, जुन्यापान्या लॅपटॉपवरून त्याच्यावर काम करायचं. मोठ्या कंपन्यांतले अभियंते हे वर्षानुवर्षं करतात आणि त्यासाठी मोठमोठ्या क्लाउड सेवांना भाडं भरतात. तेच घरच्या घरी, स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर उभं करता येतं आणि त्याला लागणारं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूरसारख्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त कामाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण इथली खरी टंचाई बघा. समजा, धारूर तालुक्यातल्या आसरडोहचा एक विद्यार्थी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वेबसाइट बनवतोय. हातात ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि मोबाइलवर दिवसाला दीड जीबीचा पॅक. एडिटर, डेटाबेस आणि ब्राउझर एकदम उघडले की लॅपटॉप गुदमरतो. प्रोजेक्टला लागणारी पॅकेजं उतरवायला घेतली की पाच-सातशे एमबी तिथेच संपतात. मध्येच लाइट जाते, लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली असते, आणि अर्धवट उतरलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता हेच काम धारूरमधल्या एका खोलीत फायबरला जोडलेल्या यंत्रावर चाललंय असं समजा. पॅकेजं उतरतात ती त्या फायबरवरून. लॅपटॉप आणि यंत्र यांच्यात जातात-येतात ती फक्त दाबलेली अक्षरं आणि पडद्यावरचा मजकूर. टर्मिनलवर काम करणाऱ्याचा अख्खा दिवस काही एमबीत निभतो.

लाइट गेल्यावर काय होतं, ते जरा जवळून पाहू. यंत्रावर ‘टीमक्स’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालू असतो. आपण त्याच्या आत काम करतो. आसरडोहला लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, की जोडणी तुटते. पण टीमक्स धारूरच्या यंत्रावर असल्यामुळे त्याच्या आतलं काम चालूच राहतं. तासाभराने परत जोडून ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की कर्सर जिथे होता तिथे, अर्धी लिहिलेली ओळ अर्धीच, आणि मघाशी लावलेलं टेस्टिंग पूर्ण होऊन निकाल समोर. ज्याचं काम दोन-चार वेळा असं बुडालेलं आहे, त्याला याचं मोल सांगावं लागत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आहे एसएसएच. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरण्याचा उद्योग केला. तेव्हा दुसऱ्या संगणकावर लॉगिन करताना पासवर्ड उघडाच तारेतून जायचा. तिथल्या तातू यलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून ही पद्धत लिहिली. त्यात जोडणीतला प्रत्येक शब्द कुलूपबंद होऊन जातो. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी तिची मुक्त आवृत्ती आणली, ओपनएसएसएच. आज जगभरातले बहुतेक लिनक्स सर्व्हर तिच्याच भरवशावर चालवले जातात.

यंत्राचं म्हणाल तर नवं घेऊ नका. कंपन्यांतून निघालेले छोटे डेस्कटॉप, वहीएवढे, सेकंडहँड बाजारात मिळतात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली की चार-पाच जणांचं भागतं, ३२ असेल तर उत्तम. असं छोटं यंत्र रिकामं चालू असताना साधारण १५ वॅट खातं. चोवीस तास चालू ठेवलं तरी महिन्याला ११ युनिटच्या आसपास. घरात पडलेला जुना मोठा डेस्कटॉप याच्या चार-पाच पट खाईल, म्हणून तो फुकट असला तरी फुकट पडत नाही.

वीज हा इथला सगळ्यात मोठा विषय, म्हणून त्यावर जास्त बोलतो. घरात इन्व्हर्टर असतोच. पण बऱ्याच इन्व्हर्टरवर एक खटका असतो, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये वीज बदलायला इतका वेळ जातो की पंख्याला कळत नाही, पण संगणक रीस्टार्ट होतो. खटका यूपीएसवर ठेवा. दुसरं, संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ ही सेटिंग शोधून चालू करा. हे केलं नाही, तर इन्व्हर्टरची बॅटरी उतरल्यावर यंत्र बंद पडेल आणि कुणीतरी धारूरला जाऊन बटण दाबेपर्यंत बंदच राहील. तिसरं, राउटर आणि फायबरचा डबा. हे बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी हातभर वायरीचा छोटा यूपीएस मिळतो. यंत्र चालू आणि राउटर बंद, याला काही अर्थ नाही. गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप आहे का, हेही विचारून घ्या. नसेल तर तुमची सगळी तयारी त्या पेटीपाशी अडेल.

यंत्रावर डेबियन किंवा उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती टाकावी, तीही डेस्कटॉपशिवाय. मॉनिटर आणि कीबोर्ड फक्त पहिल्या दिवशी लागतात.

आता संरक्षण. धारूरचा किल्ला १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखानाने उभारला. तीन बाजूंना दरी, गावाकडच्या चौथ्या बाजूला खंदक, आणि आत शिरायचं ते तेवढ्या एकाच अंगाने. ज्याने ती जागा निवडली त्याला राखायचं अंग एकच ठेवायचं होतं. यंत्राचंही तसंच करायचं. बाहेरून आत येणारी एकच वाट उघडी, तीही पासवर्डवर नाही, किल्लीवर. आपल्या लॅपटॉपवर किल्लीची जोडी तयार होते. खासगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, सार्वजनिक किल्ली यंत्रावर ठेवायची, आणि मग एसएसएचच्या सेटिंगमध्ये पासवर्डने लॉगिन बंद करायचं. हे करताना जुनी खिडकी उघडीच ठेवा. दुसरी खिडकी उघडून नव्या किल्लीने आत जाता येतं का ते बघा, आणि मगच पहिली बंद करा. नाहीतर आपणच बाहेर कुलूपबंद होतो आणि पुन्हा मॉनिटर जोडायची वेळ येते. इंटरनेटवर उघडं असलेलं यंत्र स्वयंचलित प्रोग्रॅम सतत चाचपडत असतात. धारूरमधल्या एका खोलीतलं यंत्र कुणाला काय सापडणार, असं समजू नये. त्यांना गाव कळत नाही, फक्त पत्ता कळतो.

पण बाहेरून त्या खोलीपर्यंत पोचायचं कसं? इथे बहुतेकांचं गाडं अडतं, आणि दोष त्यांचा नसतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ मध्येच आटला. म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्या शेकडो घरांना मिळून एक पत्ता देतात. तुमचं घर बाहेर बोलू शकतं, पण बाहेरच्याला तुमचं घर सापडत नाही. आपलं घर यात मोडतं का, हे ओळखायची सोपी खूण आहे. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सामाईक पत्त्यावर आहात. याच कामासाठी २०१२ मध्ये हा पट्टा राखून ठेवला गेला. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य.

यावर तोड म्हणजे घरच्या यंत्राने स्वतःच बाहेर हाक मारायची. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये सगळ्यात लहान सर्व्हर भाड्याने घ्यायचा. महिन्याला काही शे रुपये पडतात. घरचं यंत्र वायरगार्ड या प्रोग्रॅमने त्याच्याशी कायमची खासगी जोडणी बांधून ठेवतं आणि दर २५ सेकंदांनी एक लहानसा निरोप पाठवून वाट जिवंत राखतं. आपला लॅपटॉपही त्याच सर्व्हरला जोडला जातो आणि दोघांची गाठ पडते. वायरगार्ड जेसन डोनेनफेल्डने लिहिला आणि मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यातच आला. गाभ्यातला त्याचा कोड चारेक हजार ओळींचा आहे, जाणकार माणूस बसून वाचून काढू शकेल इतका. हे हाताने करायचं नसेल तर टेलस्केल ही तयार सेवा आहे. नियंत्रणही स्वतःकडेच हवं असेल, तर तिच्या जागी हेडस्केल चालवता येतं.

आत पोचल्यावर काम कशात करायचं, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न. व्हीएस कोडमध्ये २०१९ पासून एसएसएचवरून दूरच्या यंत्रावर काम करायची सोय आहे. एडिटर लॅपटॉपवर, फाइली आणि चालणारा प्रोग्रॅम तिकडे. कोड-सर्व्हर नावाचा मुक्त प्रकल्प तर अख्खा एडिटरच ब्राउझरमध्ये आणतो, म्हणजे साधा टॅबलेटही चालतो. मात्र तो उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, वायरगार्डच्या आतच राहू द्या. रेंज फारच कच्ची असेल तर मी मॉश सुचवीन. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला हा प्रोग्रॅम २०१२ मध्ये आला. टाइप केलेलं अक्षर तो लगेच दाखवतो, समोरून पोच येईपर्यंत त्याखाली रेघ ठेवतो. धारूरच्या घाटात एसटी उतरताना रेंज गेली, आली, मोबाइलचा पत्ता बदलला, तरी त्याचं सत्र तुटत नाही.

एकाच यंत्रावर चौघं असतील तर प्रत्येकाला वेगळं खातं द्यावं आणि प्रत्येक प्रोजेक्ट कंटेनरमध्ये चालवावा, म्हणजे एकाच्या प्रयोगाने दुसऱ्याचं मोडत नाही. कोड ठेवायला फोरजेजो किंवा गिटी बसवावं. दोन्ही इतके हलके आहेत की यंत्राला ओझं होत नाही. एखाद्या कॉलेजने किंवा सार्वजनिक वाचनालयाने असं एक यंत्र ठेवलं आणि मुलांना त्यावर खाती दिली, तर किती घरांचा लॅपटॉपचा खर्च पुढे ढकलता येईल! या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला घरंच्या घरं बाहेर पडतात. त्या घरातल्या मुलाने कोड शिकायचं ठरवलं, तर त्याचं पहिलं वर्ष तरी पन्नास हजारांच्या लॅपटॉपवाचून अडू नये, असं मला फार वाटतं.

काही कामांना हे चालत नाही, तेही सांगितलं पाहिजे. आयफोनचं ॲप बांधायचं तर ॲपलचंच यंत्र लागतं. मोठी एआय मॉडेल्स शिकवायची तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याचं वीजबिल, दोन्ही आवाक्याबाहेर जातात. आणि नोकरीच्या कंपनीचा कोड स्वतःच्या यंत्रावर नेण्याआधी लेखी परवानगी घ्या. बऱ्याच करारांत त्याला सक्त मनाई असते.

शेवटचं काम बॅकअपचं. लोक ते पुढे ढकलतात, आणि मराठवाड्यात मेअखेरीस विजा कडाडायला लागल्या की एका झटक्यात राउटर, यंत्र आणि डिस्क तिन्ही जातात. रोज रात्री रेस्टिक या प्रोग्रॅमने कुलूपबंद प्रत काढा. एक घरातल्या वेगळ्या डिस्कवर, एक मुंबईच्या त्या भाड्याच्या सर्व्हरवर किंवा दुसऱ्या गावातल्या मित्राकडे. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत काढून उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नये. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर ती प्रत कुणालाच उघडता येत नाही, रेस्टिक लिहिणाऱ्यालाही नाही. तो कागदावर लिहून सातबारा आणि बँकेचं पासबुक जिथे असतात त्याच फाइलीत ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ते सांगून ठेवा.