अडलेले वाहन आणि जंप स्टार्टरची निवड

अहिल्यानगर शहराला लागून असलेल्या भिंगार छावणीतून पाथर्डीचा रस्ता निघतो. मेहेकरी मागे टाकून तो करंजीच्या घाटातून जातो. पूर्वेकडील गावांतून नेप्तीच्या उपबाजारात कांदा नेणारी वाहने याच वाटेने येतात. अशा वाटेवर रात्री बॅटरी उतरली व सेल्फ लागेनासा झाला, तर माल भिजतो आणि बाजार चुकतो. आजारी माणूस गाडीत असल्यास खोळंबा जिवावर बेततो.

अशा वेळी अनेकजण घातक उपाय योजतात. ट्रॅक्टरच्या स्टार्टरची दोन टोके पान्ह्याने अथवा स्क्रू-ड्रायव्हरने जोडून इंजिन चालू केले जाते. असे केल्याने गेअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करणारा सुरक्षा-स्विच टाळला जातो. ट्रॅक्टर गेअरमध्ये असल्यास तो तत्क्षणी पुढे सरकतो आणि चाकाजवळ उभा असलेला माणूस त्याखाली सापडतो. हा मार्ग कोणीही, कितीही घाई असली तरी, अवलंबू नये. हाताशी जंप स्टार्टर असल्यास त्याची गरजच उरत नाही.

निवड कशी करावी

जंप स्टार्टर म्हणजे अल्प काळ मोठा विद्युत्प्रवाह देणारी, सोबत नेता येणारी लहान बॅटरी. तो घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. व्होल्ट : मोटारी, पिकअप व बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात, तर मोठे ट्रक सहसा २४ व्होल्टवर. वाहनाशी न जुळणारे साधन लावू नये.

२. प्रवाह : खोक्यावर ठळक छापलेला 'पीक' अँपिअरचा आकडा क्षणमात्र टिकतो. सेल्फ फिरविताना मिळणारा प्रवाह त्याहून बराच कमी असतो. २ किलोवॉटच्या स्टार्टरला १० व्होल्टवर २०० अँपिअर लागतात, व फिरण्याच्या आरंभी याहून पुष्कळ अधिक. डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने सेल्फवरील भारही जास्त असतो. म्हणून साधन किती क्षमतेच्या डिझेल इंजिनासाठी आहे, हे माहितीपत्रकात वाचूनच घ्यावे. पेट्रोल इंजिनासाठीचा आकडा डिझेलला लागू पडत नाही.

३. साठा : २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा बहुधा ३.७ व्होल्टच्या घटाचा असतो. गुणाकार केल्यास साठा ७४ वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर-तास एवढाच भरतो.

४. संरक्षण : चिमटे उलटे लागल्यास व एकमेकांना चिकटल्यास प्रवाह थांबविणारी सोय असावी. चिमटे मजबूत व तारा जाड असाव्यात.

वापरण्याची रीत

वाहन न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. दिवे बंद करावेत. लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, व काळा चिमटा बॅटरीपासून दूर इंजिनच्या उघड्या धातूला लावावा. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असतो. त्यामुळे तेथे ठिणगी पडू देऊ नये व विडी ओढू नये. चालकाने आपल्या जागेवर बसूनच, किल्लीने, चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. इंजिन चालू न झाल्यास अर्धा-एक मिनिट थांबावे. चालू होताच प्रथम काळा, मग लाल चिमटा काढावा. फुगलेली, फुटलेली अथवा गळणारी बॅटरी असल्यास हा प्रयोग करूच नये.

निगा

उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये वा ट्रॅक्टरवर हे साधन ठेवू नये. लिथियमच्या घटांना उष्णता मारक असते. वापर नसला तरी दर तीन महिन्यांनी चार्ज करावे. फुगलेले साधन कचऱ्यात किंवा आगीत न टाकता बॅटरी परत घेणाऱ्या केंद्रात द्यावे.

जंप स्टार्टर बॅटरीचा आजार बरा करीत नाही. विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखविणारी बॅटरी पूर्ण भरलेली असते. १२ व्होल्टच्या आसपास ती जवळजवळ रिती समजावी. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट न आढळल्यास अल्टरनेटर तपासावा. टोकांवरचा गंज काढून तारा घट्ट कराव्यात. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावात एक व्होल्टमीटर आणून अशी तपासणी करून दाखवावी, व पान्ह्याने सेल्फ मारण्याचा धोका प्रत्येक ट्रॅक्टरचालकास समजावून द्यावा.