बेडकुळी, उंदीर आणि मछली

दंड आवळला की वर येणाऱ्या फुगवट्याला आपण बेडकुळी म्हणतो. कातडीखाली बेडकी दबा धरून बसल्यासारखी दिसते ना, म्हणून! उर्दूत तिलाच 'बाजू की मछली' म्हणतात. आणि इंग्रजी 'मसल' ज्या लॅटिन शब्दातून आला, त्याचा अर्थ छोटा उंदीर. स्नायू एकच, तीन भाषांना दिसलेले प्राणी तीन.

मी बी.ए. झालेला माणूस, प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. पण माझी भाची कॅलिफोर्नियात शाळेत शिकते. अमेरिकेत शरीरशास्त्राच्या तासाला डुकराचं अर्भक कापून पाहतात. कत्तलखान्यात गाभण माद्या कापल्या जातात, त्यांच्या पोटातली ही पिल्लं. तिनं फोनवर विचारलं, "मामू, हात लावू का?" विच्छेदन नको असेल, तर तिथल्या १९८८ च्या कायद्यानं विद्यार्थ्याला दुसरा मार्ग मागता येतो. मी म्हटलं, "मनाई खाण्याची आहे, बेटा. शिकून हात स्वच्छ धू. मनच घेत नसेल, तर तसं बाईंना सांग." तिनं शिकायचं ठरवलं, आणि मग मलाच शिकवलं.

कातडी हलक्या हातानं सोडवायची. खालचा पांढुरका पापुद्रा बोथट सळईनं सारायचा. धारदार सुरी इथं घात करते. मग धाग्यांची दिशा पाहायची. दिशा बदलली, की बहुधा दुसरा स्नायू सुरू झाला. मधल्या फटीत सळई फिरवून दोघांना सुटं करायचं आणि प्रत्येकाची टोकं कुठल्या हाडांना धरून आहेत ते शोधायचं. स्नायू ओढतो, ढकलत नाही. म्हणून टोकं कळली की काम कळतं. खालचा थर पाहायचा, तर वरचा स्नायू मधोमध कापून दोन्हीकडे उलटायचा. टोकाशी कापला, तर त्याची ओळखच पुसली जाते.

नावंही मदत करतात. पोटरीचा स्नायू 'गॅस्ट्रोक्नेमियस', म्हणजे ग्रीकमध्ये पायाचं पोट. आपल्या पोटरीतही पोटच आहे! मांडीवरून तिरका जाणारा 'सार्टोरियस' म्हणजे शिंप्याचा. मांडी घालून बसताना तो कामी येतो. मात्र माणसाची यादी डुकराला जशीच्या तशी लागू पडत नाही. डुकराला हासळीचं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं.

ही विद्या जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलननं माकडं आणि डुकरं कापून शरीर समजून घेतलं. जिवंत डुकराच्या गळ्यातल्या नसा बांधल्या की त्याचं ओरडणं थांबतं, हे त्यानं लोकांसमोर दाखवलं. विच्छेदनावरच्या त्याच्या ग्रंथाचा शेवटचा भाग ग्रीकमध्ये हरवला. तो टिकला अरबी भाषांतरात, नवव्या शतकातल्या बगदादमधल्या हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांमुळे. डुकराचं मांस वर्ज्य मानणाऱ्यांच्या भाषेनं डुकरावरून मिळालेलं ज्ञान मात्र सांभाळून ठेवलं.

परीक्षेत प्रत्येक स्नायूला टाचणी टोचून त्याचं नाव विचारतात. नावं जरूर पाठ करावीत. पण ज्या पिल्लाच्या पायांवर ती शिकायची, त्यानं जमिनीवर एक पाऊलही टाकलेलं नसतं. सळई हलक्या हातानं फिरवावी, याचं एक कारण हेही आहे.