रहस्यमालिकेतील पूर्ववृत्त आणि घरातला दुरावा

रहस्यकथा म्हटली की खून कोणी केला, हा प्रश्न आपण धरून बसतो. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागत असे, त्या काळी तो प्रश्न पुरेसा होता. पोलीस येत, पुरावा जमवीत, गुन्हेगार सापडे आणि आपण जेवायला उठत असू. पुढे रोज रात्री चालणाऱ्या मालिका आल्या. महिनोन् महिने चालणाऱ्या गोष्टीला एका खुनाचा शोध पुरत नाही. तिला आणखी मागे जाऊन विचारावे लागते, की हे घडण्यापूर्वी ह्या घरात काय काय घडून गेले होते? पात्रांच्या ह्या मागच्या गोष्टीला आपण पूर्ववृत्त म्हणू. घरातल्या दुराव्याशी त्याचा जो संबंध आहे, तो आज पाहावयाचा आहे.

उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे घेतो. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठीवर २०१६ साली सुरू झाली. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावच्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून गोष्ट सुरू होते. मुंबईचा मुलगा माधव बायको-मुलाला घेऊन येतो, गावातला दत्ता तेथेच असतो, सगळे कुटुंब एका छपराखाली जमते, आणि रहस्याला तोंड फुटते. २०१९ साली दुसरे पर्व आले, ते मात्र पुढे न जाता मागे गेले. मेलेले अण्णा त्यात जिवंत होते. म्हणजे संपूर्ण पर्वच पूर्ववृत्ताचे! शेवट ठाऊक असूनही लोक ते रोज पाहत होते. शेवट कळला तरी कारण कळलेले नव्हते, हेच त्याचे उत्तर आहे.

ह्या घरातला दुरावा नीट पाहिला तर तो तीन प्रकारचा दिसतो.

पहिला अंतराचा. माधव मुंबईत, दत्ता गावात. एकाला वाटते, आपण पैसे पाठविले; दुसऱ्याला वाटते, आपण म्हाताऱ्यांचे केले. दोघेही खरेच बोलत असतात. तंटा उभा राहतो तो ह्यामुळे, की एकाचा हिशेब मनिऑर्डरीच्या पावत्यांत लिहिलेला असतो आणि दुसऱ्याचा कोठेच लिहिलेला नसतो.

दुसरा दुरावा हक्काचा. छाया ही विधवा मुलगी माहेरी राहते. एका घरात राहूनही तिचा शब्द चालत नाही. कायद्याने पाहिले तर महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीने तो भेदही काढला. कायदा बदलला, पण माजघरातली रीत त्याच्या मागून लंगडत येते. अशा बाईचा कडवटपणा हा तिचा स्वभाव नसून तिचे पूर्ववृत्त असते.

तिसरा दुरावा नावाचा. अण्णा आणि शेवंता यांची मुलगी सुषमा हिला रक्त आहे, पण घराचे नाव नाही. गावाला ठाऊक असलेली गोष्ट घरात कोणी उच्चारावयाची नाही, असा अलिखित करार असतो. तो पाळण्याचे काम मुख्यतः माईंसारख्या घरधनिणीकडे येते. गप्प बसणे हेही श्रमाचे काम आहे, पण त्याची मजुरी कोणी धरीत नाही. आणि पांडूसारखा घरगडी सगळे पाहत असतो. त्याला मात्र कोणी विचारीत नाही.

आता ध्यानात येईल, की अशा मालिकेत रहस्य हे भिंतीआड लपविलेले नसते. ते तुकड्यातुकड्यांनी माणसांत वाटलेले असते. प्रत्येकाजवळ एक तुकडा. ती माणसे एकमेकांशी मोकळेपणी बोलत असती, तर दहा भागांत गोष्ट आटोपली असती. दुरावा आहे म्हणूनच रहस्य टिकते.

ही रचना काही आजची नव्हे. ग्रीक नाटककार सोफोक्लीझचा राजा ईडिपस आधीच्या राजाच्या मारेकऱ्याचा शोध घेऊ लागतो आणि अखेर स्वतःच्याच जन्मापाशी येऊन पोचतो. आपल्या महाभारतात कुंतीने कर्णाला त्याचा जन्म सांगितला तो युद्धाच्या तोंडावर, आणि पांडवांना सांगितला तो युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी देण्याच्या वेळी. ज्याला मारले तो थोरला भाऊ होता, हे तेव्हा कळले. सत्य सांगितले गेले खरे, पण त्याचा उपयोग करण्याची वेळ टळून गेली होती.

चेंबूर-माहूलच्या कारखान्यांत आणि गिरणगावच्या गिरण्यांत कोकणातून आलेल्या माणसांना नाईकांचे घर परके वाटले नाही, ते ह्यामुळेच. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पगार थांबले तेव्हा पुष्कळ कामगार गावी परतले. ज्या घराला आपण पैसे पाठविले, तेथे आपली चूल कोठे, हा प्रश्न त्यांतल्या अनेकांपुढे उभा राहिला. सात-बाराच्या उताऱ्यावर आजोबांच्या काळची नावे आणि सामायिक हिस्से. तोंडी झालेली वाटणी आणि ती ऐकणारे साक्षीदार कधीच गेलेले. येथे भूत लागत नाही, खून लागत नाही. दोन भाऊ वीस वर्षे बोलत नाहीत, एवढे पुरते.

पूर्ववृत्ताचा एक धोकाही आहे. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांनी अण्णा असा उभा केला, की लोकांना तो आवडू लागला. हा मनुष्य जमिनी लाटतो, बायकोला जाच करतो, माणसांच्या जिवावर उठतो; तरी त्याची वाक्ये लोक हौसेने बोलून दाखवीत. एखाद्याच्या जवळ फार वेळ बसले की त्याच्या बाजूने पाहण्याची सवय लागते. म्हणून प्रेक्षकाने विचारावे, की ही मागची गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली जात आहे? ज्याची जमीन गेली, त्याचे पूर्ववृत्त कितीसे दाखविले?

कामगार चळवळीत आम्हांला हा प्रश्न नेहमी पडतो. खात्यांतर्गत चौकशीत मी कामगारांच्या वतीने पुष्कळदा बसलो आहे. एका कारखान्यातला कामगार दोन महिने न कळविता गैरहजर होता. आरोपपत्रात तारखांपलीकडे काही नव्हते. खोदून विचारले तेव्हा कळले, की गावच्या घराच्या वाटणीत भावाने दाराला कुलूप घातले होते आणि म्हातारी आई पडवीत राहत होती. हे सांगितल्याने गैरहजेरी पुसली गेली नाही. अर्ज दिला नव्हता तो नव्हताच. परंतु शिक्षा किती, हे ठरविताना ते मोजावे लागले. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांतही शिक्षा देताना अपराधाचे गांभीर्य, पूर्वीची नोंद आणि अपराध सौम्य करणारी कारणे पाहावीत, असे सांगितले होते. कथेलाही हाच न्याय लावावा. पूर्ववृत्ताने कृत्य समजते. ते माफ होत नाही.

तात्पर्य, रात्री मालिका संपल्यावर खुनी कोण ह्याची चर्चा अवश्य करावी. पण त्याबरोबर आपल्या घरातले कोण कोणाशी बोलत नाही, आणि का, हेही एकदा मनाशी आठवून पाहावे. ज्यांना कारण ठाऊक आहे ती म्हातारी माणसे अजून बसली असतील, तर त्यांना विचारावे, बहिणींनाही बोलावावे, जे ठरेल ते कागदावर लिहून घ्यावे. मालिकेला मागे जाऊन दुसरे पर्व काढता येते. घराला ती सोय नाही.